पावाचं वजन, वाइनचं माप

रात्री झोपताना मठवासीयांनी कपडे अंगावरच ठेवावेत, कमरेला पट्टा नाही तर दोरी असू द्यावी, पण सुरी मात्र काढून ठेवावी, कारण झोपेत ती लागायची. इटलीतल्या बेनेडिक्ट नावाच्या मठाधिपतीनं सहाव्या शतकात जी नियमावली लिहिली, तिच्या बाविसाव्या प्रकरणात हे आहे. दालनात दिवा पहाटेपर्यंत तेवत राहावा, तरुणांच्या खाटा एकमेकांना लागून नसाव्यात, मध्येमध्ये वडीलधारे असावेत, आणि प्रार्थनेची वेळ झाली की एकमेकांना हळूच उठवावं, कारण झोपाळू माणूस निमित्तच शोधत असतो, हेही तिथेच सांगितलं आहे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. वसईकडच्या एका शिक्षिकेनं ते छोटं इंग्रजी पुस्तक मला दिलं होतं. धर्मग्रंथ म्हणून मी ते उघडलं आणि या प्रकरणाशी थबकले. हे लिहिणारा माणूस रात्री दिवा घेऊन खाटांच्या रांगांमधून फिरलेला आहे, हे मला लगेच कळलं. इतक्या जणांची झोप स्वतःच्या अंगावर असल्याशिवाय असं कलम सुचत नाही. मग मिळेल तसं या विषयावर वाचत गेले, आणि माझं मत पक्कं होत गेलं. युरोपात मठ रुजले त्यात महान तपस्व्यांचा वाटा आहेच. पण ज्यांनी दुबळ्या, झोपाळू, कुरकुरणाऱ्या माणसांना धरून नियम बांधले, त्यांचा वाटा त्याहून मोठा आहे.

या जीवनाचं मूळ इजिप्तच्या वाळवंटातलं. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अँथनी नावाचा एक खाऊनपिऊन सुखी घरचा मुलगा जमीनजुमला देऊन टाकून एकांतात गेला. 356 साली तो वारला आणि अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसनं त्याचं चरित्र लिहिलं. त्याचं लॅटिन भाषांतर पश्चिमेत पोहोचलं आणि तरुण माणसं पेटून उठली. ट्रियरमधल्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी फिरायला गेले असता एका झोपडीत हे पुस्तक वाचलं आणि तिथल्या तिथे नोकरी सोडली, ही हकिगत ऑगस्टीननं आत्मकथेत नोंदवली आहे. त्याच इजिप्तमध्ये पाखोमियसनं दुसरी वाट काढली. तो सक्तीनं सैन्यात भरती झालेला शिपाई होता. नाईल नदीकाठी ताबेन्निसी इथे त्यानं एकत्र राहणाऱ्यांचा मठ काढला. त्यात कामधंद्यानुसार घरं होती, वेळा ठरलेल्या होत्या, जेवण एकत्र होतं. जेरोमनं 404 साली त्याच्या नियमांचं लॅटिन भाषांतर केलं.

गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, पहिलं मोठं नाव मार्टिनचं. तोही जुना सैनिक. 361 साली प्वातिएजवळ लिगुजे इथे त्यानं वस्ती केली. 371 मध्ये तूरचा बिशप झाल्यावर गावाबाहेर ल्वार नदीकाठच्या कड्याखाली मार्मूतिए उभारलं. त्याचा चरित्रकार सल्पिशियस सांगतो की तिथे 80च्या आसपास शिष्य होते. बरेचसे कड्यात कोरलेल्या गुहांमध्ये राहत, कुणाची खासगी मालमत्ता नसे, आणि लेखनाखेरीज दुसरा कोणताही हुन्नर तिथे चालत नसे. तेही काम तरुणांकडे असे. हे वर्णन मनाला भिडतं. पण मार्टिन गेल्यावर त्या ऐंशी जणांनी कोणत्या नियमानं राहायचं, हे मात्र त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सगळा मठ एका माणसाच्या तेजावर उभा होता.

कॅशियनला ही अडचण दिसली असावी. इजिप्तमध्ये वर्षानुवर्षं राहून तो 415च्या सुमाराला मार्सेयला आला, तिथे मठ काढले, आणि वाळवंटातलं शहाणपण दोन मोठ्या ग्रंथांत मांडलं. जिथे इजिप्तची शिस्त थंडीमुळे किंवा लोकांच्या सवयींमुळे झेपणार नाही, तिथे ती सौम्य करावी, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुपारच्या वेळी मठवासीयाला येणाऱ्या विलक्षण कंटाळ्याचं त्यानं केलेलं वर्णन मी माझ्या मुलींना वाचून दाखवत असे. तो माणूस सारखा खोलीच्या बाहेर येतो, कुणी भेटायला येतंय का बघतो, सूर्य अजून वरच कसा म्हणून वैतागतो, आणि दुसऱ्या कुठल्या तरी मठात गेलो तर सगळं नीट होईल असं त्याला वाटत राहतं. परीक्षेआधीच्या रविवारी आमच्याकडे हे सगळं घडत असे, त्यामुळे समजावून सांगण्याची वेळ कधी आली नाही.

बेनेडिक्टची माहिती आपल्याला जवळजवळ एकाच ठिकाणाहून मिळते. पोप ग्रेगरीनं 593-594च्या सुमारास लिहिलेल्या संवादांच्या दुसऱ्या भागात. जन्म नुर्सियाचा, साधारण 480चा. शिक्षणासाठी रोमला गेला, तिथलं वातावरण बघून पळाला, आणि सुबियाकोच्या एका गुहेत तीन वर्षं राहिला. रोमानस नावाचा मठवासी आपल्या वाट्याचा पाव वाचवून दोरीनं खाली सोडत असे, दोरीला घंटी बांधलेली असे. मग शेजारच्या मठातली मंडळी आली आणि आमचा मठाधिपती हो म्हणाली. तुमचं माझं जमणार नाही, असं त्यानं बजावूनही त्यांनी ऐकलं नाही. तो गेला, शिस्त लावली, आणि त्याच माणसांनी त्याच्या वाइनमध्ये विष घातलं. त्यानं क्रुसाची खूण करताच पात्र फुटलं, असं ग्रेगरी सांगतो. रागावलेला नाही, चेहरा शांत, अशा अवस्थेत तो उठला आणि परत गुहेकडे गेला.

ग्रेगरीला यात चमत्कार महत्त्वाचा वाटतो. मला त्या माणसाच्या पुढच्या आयुष्यासाठी ही घटना महत्त्वाची वाटते. ज्यांनी आपण होऊन बोलावलं त्यांच्यावरही झेपणार नाही इतका भार टाकला तर ते कुठवर जातात, हे त्यानं तरुणपणी पाहिलं. पुढे 529च्या सुमाराला तो मोंते कासिनोच्या डोंगरावर गेला, तिथलं अपोलोचं जुनं देऊळ पाडून मठ उभारला आणि 547च्या आसपास तिथेच वारला. मठाधिपतीनं गंज खरवडताना भांडंच फोडू नये, असं त्याच्या नियमावलीत आहे. हे वाक्य लिहिणाऱ्याला ते विषाचं पात्र आठवलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

ही 73 प्रकरणांची नियमावली सगळीच्या सगळी त्याची नाही. तिच्या सुमारे तिप्पट लांबीची ‘गुरूचे नियम’ या नावानं ओळखली जाणारी एक निनावी नियमावली आहे, आणि दोन्हींमध्ये पानंच्या पानं सारखी आहेत. शतकानुशतकं समज असा होता की कुणीतरी बेनेडिक्टचा मजकूर फुगवला. 1930च्या दशकात जनेस्तू या फ्रेंच मठवासीयानं उलट मांडणी केली की गुरू आधीचा आणि बेनेडिक्टनं त्याच्याकडून घेतलं. बराच वाद झाला आणि आता बहुतेक अभ्यासकांना ती मान्य आहे. बेनेडिक्टची थोरवी यानं कमी होत नाही. त्यानं काय गाळलं ते बघावं. गुरूच्या मठात पाहुणा उतरला की त्यानं रात्री काही चोरून नेऊ नये म्हणून दोन जण पहाऱ्याला ठेवतात. बेनेडिक्टनं पहारेकरी काढून टाकले आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं ख्रिस्त समजून स्वागत करा, असं लिहिलं. पाहुणे अवेळी येतात आणि मठात त्यांना तोटा नसतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं स्वयंपाकघर आणि दोन वाकबगार माणसं वर्षभरासाठी नेमून दिली. म्हणजे पाहुण्याचा मान राहिला आणि मुदपाकखान्याची ओढाताणही टळली.

कोठावळ्याचं एकतिसावं प्रकरण तर मी लिहून काढून कोठीच्या दाराआतल्या बाजूला लावलं होतं. मठातली सगळी भांडीकुंडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखं समजावं, असं त्यात आहे. कोठावळा चिकट नसावा, उधळ्याही नसावा. कुणी अवाजवी मागितलं तर तुच्छतेनं हाकलून त्याला दुखवू नये, नीट कारण सांगून नाही म्हणावं. द्यायला काहीच नसेल तर निदान चांगला शब्द द्यावा. आणि ठरलेला वाटा देताना ताटकळत ठेवू नये, तोरा दाखवू नये. मार्चअखेर अनुदान यायचं आणि कोठीत जानेवारीतच तळ दिसायला लागायचा, त्या दिवसांत चांगला शब्द म्हणजे नक्की काय हे मला कळलं. रोज पातळ होत जाणाऱ्या आमटीबद्दल मुली विचारायच्या. खरं कारण सांगितलं की त्या गप्प बसून जेवायच्या. उडवून लावलं की ताटं तशीच परत यायची.

स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, आठवड्याआठवड्यानं. शनिवारी पाळी संपवणाऱ्यानं स्वच्छता करायची, हातपाय पुसायची फडकी धुवायची, भांडी मोजून कोठावळ्याच्या ताब्यात द्यायची, आणि जाणाऱ्या व येणाऱ्या दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. आता यातली बारकाई बघा. जेवणाच्या तासभर आधी वाढप्यांना ठरलेल्या वाट्याशिवाय थोडा पाव आणि पेय द्यावं, म्हणजे वाढताना ते कुरकुरणार नाहीत. जेवताना पुस्तक वाचून दाखवणाऱ्यालाही आधी थोडं खायला मिळतं. आमच्या वसतिगृहात वाढप करणाऱ्या मुली शेवटी बसायच्या, गार झालेलं खायच्या, आणि वाढताना त्यांचे हात आखडायचे. मी ही पद्धत आणली. मावशींनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं, पण आठवडाभरात वाढप सैल हाताचं झालं. पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अक्कलहुशारीवर माझा विश्वास बसला तो असा.

जेवणाचं माप स्पष्ट आहे. माणशी दिवसाला रोमन मापाचा एक पौंड पाव, म्हणजे सुमारे सव्वातीनशे ग्रॅम. शिजवलेले दोन पदार्थ, म्हणजे एक चालत नसेल त्याला दुसरा तरी खाता येईल. फळं किंवा कोवळी भाजी मिळाली तर तिसरा. चतुष्पाद प्राण्यांचं मांस फक्त अगदी अशक्त आजाऱ्यांना. वाइन दिवसाला एक हेमिना, रोमन हिशेबानं साधारण पाव लिटर. मठवासीयानं वाइन पिऊच नये असं पूर्वसूरींनी म्हटलंय हे बेनेडिक्ट मान्य करतो, पण आपल्या काळच्या मंडळींना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान पोटभर न पिण्याचं तरी ठरवू या, असं म्हणून पुढे जातो. शिवाय काम जड असेल, उन्हाळा कडक असेल तर माप वाढवायची मुभा मठाधिपतीला. सगळ्यांना सारखंच द्यायचं का, तर नाही. ज्याला कमी लागतं त्यानं देवाचे आभार मानावेत आणि ज्याला जास्त लागतं त्यानं आपल्या दुबळेपणाची जाणीव ठेवावी. स्तोत्रांचंही तसंच. जुने लोक 150 स्तोत्रं एका दिवसात म्हणत, आपण निदान आठवड्यात तरी संपवू. शेवटच्या प्रकरणात तो आपल्या साऱ्या नियमांना नवशिक्यांसाठीची लहानशी सुरुवात म्हणतो.

त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांतच, सहाव्या शतकाच्या अखेरीस, लोंबार्डांनी रात्री मोंते कासिनो लुटलं. मठवासी निसटून रोमला गेले. दोनशे वर्षांनी त्याच मठात राहून लोंबार्डांचा इतिहास लिहिणारा पॉल सांगतो की त्यांनी बरोबर नेलं ते असं: नियमावलीची प्रत, आणखी काही लिखाण, पाव तोलायचं वजन, वाइनचं माप, आणि हाती लागलं तेवढं सामानसुमान. या यादीत वजन आणि माप आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पळून जाणाऱ्या माणसांना कळत होतं की नियम शब्दांत जेवढा आहे तेवढाच त्या वजनात आहे. ते हरवलं तर पुढे कुणीही एक पौंड म्हणजे आपल्याला हवं तेवढं ठरवू शकलं असतं.

डोंगर मग शतकाहून अधिक काळ ओस राहिला. 718च्या आसपास पेत्रोनॅक्सनं मठ पुन्हा वसवला. 883 मध्ये तो पुन्हा लुटला गेला, 1349 मध्ये भूकंपानं कोसळला, आणि 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्तांच्या विमानांनी तो जमीनदोस्त केला. त्या दिवसांत डोंगराच्या उतारावर लढत होती ती चौथी इंडियन डिव्हिजन. मे महिन्यातल्या शेवटच्या लढाईत खालच्या खोऱ्यात आठवी इंडियन डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणही होती. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे त्याच वर्षी जुलैत, उत्तरेला टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या त्या मोहिमेत आपल्या गावागावांतली माणसं होती. कासिनोचं नाव आपल्याकडच्या काही घरांत पोहोचलं ते सैनिकांच्या पत्रांतून.

मूळ काळाकडे येते. बेनेडिक्ट गेल्यावर लगेच सगळीकडे त्याचेच नियम सुरू झाले असा समज आहे, तो खरा नाही. दोनअडीचशे वर्षं मठोमठी मिसळीचे नियम होते. आयर्लंडहून 590च्या सुमाराला बारा सोबत्यांसह आलेल्या कोलंबानसनं व्होझ डोंगरात आनग्रे, लुक्सय, फोंतेन हे मठ काढले. राजाच्या रखेलींवरून राणी ब्रुनहिल्डशी त्याचं वाजलं, 610 मध्ये त्याला घालवून देण्यात आलं, आणि अखेर 614 मध्ये इटलीत बोब्बिओला मठ काढून दुसऱ्या वर्षी तो वारला. माणूस निर्भय होता, राजाच्या तोंडावर बोलणारा. पण त्याच्या मठातली शिक्षेची यादी वाचवत नाही. स्तोत्राच्या सुरुवातीला खोकला तर सहा फटके, जेवताना आमेन म्हटलं नाही तर सहा फटके. खोकणाऱ्याला फटके देणारी शिस्त मला कधी पटली नाही. त्याच्याच परंपरेतल्या मठांनी सातव्या शतकात हळूहळू बेनेडिक्टचे नियम आपल्या नियमांत मिसळून घेतले, यात मला नवल वाटत नाही.

बायकांच्या मठांचा इतिहास तर आणखी जुना आणि तितकाच भरीव. आर्लचा बिशप सिझेरियस यानं 512 मध्ये आपल्या बहिणीसाठी मठ बांधला आणि खास स्त्रियांसाठी नियम लिहिले. एकदा आत आलेल्या स्त्रीनं मरेपर्यंत बाहेर पडायचं नाही, स्वतःची खोली नाही, लोकरीचं काम वाटून घ्यायचं, आणि प्रत्येकीनं लिहायवाचायला शिकायचं. प्रत्येकीनं. सहाव्या शतकात. हेच नियम राणी राडेगुंडनं प्वातिएच्या आपल्या मठात आणले. ती थुरिंगियाची राजकन्या. 531 मध्ये फ्रँकांनी तिचं राज्य बुडवलं, तिला लूट म्हणून नेलं आणि राजा क्लोथारनं तिच्याशी लग्न केलं. पुढे त्यानं तिच्या भावाला मारवलं तेव्हा ती निघून गेली. मठात तिनं स्वतः मठप्रमुखपद घेतलं नाही. कवी फॉर्च्युनेटस तिला जवळून ओळखत होता. तो लिहितो की पाळी आली की ती लाकडं वाहायची, भाजी निवडायची, चूल फुंकायची, भांडी घासायची.

587 मध्ये ती वारली आणि दोनच वर्षांत मठ फुटला. राजघराण्यातली क्लोटिल्ड चाळीसहून अधिक जणींना घेऊन बाहेर पडली. भर पावसात चालत तूरला पोहोचली, आणि आम्ही राजांच्या मुली असून आम्हाला बटकीच्या पोरींसारखं वागवलं जातं, असं तिनं बिशप ग्रेगरीला सांगितलं. (हा पोप ग्रेगरी नव्हे, तूरचा इतिहासकार ग्रेगरी.) पुढे तिनं गुंड गोळा केले, चर्चमध्ये तळ ठोकला, मठावर हल्ला करून मठप्रमुख लुबोव्हेराला पळवून नेलं. 590 मध्ये बिशपांसमोर सुनावणी झाली, आणि तिथल्या तक्रारी इतिहासकारानं एकेक करून लिहून ठेवल्या. जेवण वाईट. कपडे पुरत नाहीत. न्हाणीघर परक्यांना वापरू देतात. मठप्रमुख सोंगट्या खेळते. पुतणीसाठी वेदीच्या रेशमी कापडातून कपडे शिवले. लुबोव्हेरानं उत्तर दिलं की सोंगट्या राडेगुंडच्या हयातीतही खेळत असू आणि नियमात त्याला मनाई नाही. तिला ताकीद देऊन परत मठात पाठवलं, क्लोटिल्डला बहिष्कृत केलं.

या प्रकरणाकडे बहुतेक लेखक राजकन्यांचा माज म्हणून बघतात. मला त्यात तक्रारींचा क्रम दिसतो. आधी जेवण, मग कपडे, मग न्हाणीघर. तत्त्वाचं काहीच नाही. एकत्र राहणाऱ्या बायकांचं घर मोडतं ते बहुधा याच क्रमानं, आणि वरच्या बाईला ते दिसत नाही, कारण तिला वाटतं ही क्षुल्लक कुरकुर आहे.

इंग्लंडच्या उत्तरेत, जॅरोच्या मठात जे घडलं ते मात्र वेगळं. 686च्या सुमाराला साथ आली आणि स्तोत्रं म्हणू शकणारे सगळे मठवासी गेले. उरले मठाधिपती चेओलफ्रिथ आणि एक लहान मुलगा. चेओलफ्रिथच्या निनावी चरित्रात ही हकिगत आहे. दोघांनाच सगळं झेपेना, म्हणून मठाधिपतीनं ठरवलं की सकाळ-संध्याकाळच्या मुख्य उपासना सोडून बाकीच्या वेळी आळीपाळीनं म्हणायची धृपदं वगळू, नुसती स्तोत्रं म्हणू. आठवडाभर तसं केलं. पण म्हणताना त्याला रडू आवरेना. आठवड्यानंतर त्यानं पुन्हा सगळी धृपदं सुरू केली आणि नवी माणसं शिकून तयार होईपर्यंत तो आणि तो मुलगा दोघांनी ती म्हटली. हा मुलगा म्हणजे पुढचा इतिहासकार बीड असावा असं पुष्कळांचं मत आहे. बीडचा जन्म 673चा, तो सातव्या वर्षी मठात आला होता. त्याच मठांत पुढे बायबलच्या तीन अवाढव्य प्रती लिहिल्या गेल्या. त्यांपैकी हजाराहून अधिक पानांची एक आज फ्लॉरेन्सला आहे. तीही चेओलफ्रिथनंच 716 मध्ये रोमला पोचवायला घेतली होती आणि वाटेत लांग्र इथे तो वारला. मठाचा संस्थापक बेनेडिक्ट बिस्कप यानं आपले नियम सतरा मठांतून निवडून घेतले होते.

बेनेडिक्टचाच नियम सर्वांना लागू झाला तो राजसत्तेमुळे. शार्लमेननं मोंते कासिनोहून नियमावलीची नक्कल मागवली. मठाधिपती थिओडेमारनं पत्रासोबत पावाचं वजन आणि पेयाची मापंही पाठवून दिली. 811च्या एका फर्मानात सम्राट विचारतो की हे नियम यायच्या आधी गॉलमधले मठवासी कोणत्या नियमानं राहत होते, कारण मार्टिन तर त्याहून आधीचा. प्रश्न अगदी रास्त होता. पुढे त्याचा मुलगा लुई यानं 816-817 मध्ये आखनला सभा भरवून साम्राज्यातल्या मठांना एक नियम घालून दिला. हे ज्यानं घडवलं तो आन्यानचा बेनेडिक्ट. त्याचं मूळ नाव विटिझा. तरुणपणी त्याला बेनेडिक्टचा नियम दुबळ्यांचा आणि नवशिक्यांचा वाटे. पाखोमियससारखं कठोर जगावं ही त्याची धडपड होती, असं त्याचा शिष्य आर्दो लिहितो. नंतर तो बदलला. माणसं एकत्र आणायची तर दुबळ्यांचा नियमच लागतो, हे त्याला अनुभवानं पटलं असणार.

त्याच काळातला सांक्ट गालेनचा आराखडा पाच कातडी पत्रे शिवून केला आहे, लांबी सव्वा मीटरच्या आत. रायशेनाउ बेटावर तो काढला आणि गालेनचा मठाधिपती गोझबर्टला पाठवला. चर्च, दवाखाना, औषधी वनस्पतींचे वाफे, पाव भाजायची भट्टी, कोंबड्या आणि हंसांच्या खुराड्यांमध्ये राखणदाराचं घर, झोपण्याच्या दालनात एकेक खाट, आणि शौचकुपात दिवा ठेवायची जागासुद्धा. हा मठ असाच्या असा कुठे बांधला गेला नाही. पण बाराव्या शतकाच्या शेवटी कुणीतरी आराखडा उलटा करून मागे मार्टिनचं चरित्र लिहिलं, घडी घातली, आणि पुस्तक म्हणून तो वाचला.

आता मला सलणारी गोष्ट. एकोणसाठाव्या प्रकरणात मुलं मठाला अर्पण करण्याचा विधी आहे. आईबाप अर्ज लिहितात आणि तो अर्ज व मुलाचा हात वेदीच्या वस्त्रात गुंडाळून मुलाला देऊन टाकतात. मोठा माणूस आला तर त्याला चार-पाच दिवस दारातच थांबवायचं, वर्षभरात तीनदा सगळे नियम वाचून दाखवायचे, मगच वचन घ्यायचं, आणि तरीही त्याचे जुने कपडे जपून ठेवायचे, न जाणो त्याला जावंसं वाटलं तर. मुलाला यातलं काहीच नाही. सॅक्सन सरदाराचा मुलगा गॉटशाल्क असाच फुल्डाच्या मठात आला होता. मोठा झाल्यावर त्यानं 829 मध्ये माइन्झच्या धर्मसभेत दाद मागितली. तिनं त्याला मोकळं केलं, मठाला दिलेली मालमत्ता मात्र परत मिळाली नाही. त्याचा मठाधिपती राबानस विद्वान माणूस. त्यानं सम्राटाकडे दाद मागितली आणि बायबलमधल्या शमुवेलचा दाखला देत आईबापांच्या हक्काच्या बाजूनं एक ग्रंथच लिहिला. गॉटशाल्क अखेर मठवासीच राहिला, दुसऱ्या मठांत. पुढे दैवाविषयीच्या मतांवरून त्याला फटके मारले गेले, आणि ओव्हिलेच्या मठात कोंडलेल्या अवस्थेत तो मेला. मी ज्या मुली सांभाळल्या त्यांतल्या काहींना घरच्यांनी सोय म्हणूनच आणून सोडलं होतं. त्यांचे चेहरे माहीत असल्यामुळे राबानसचा युक्तिवाद मला कितीही विद्वत्तेचा असला तरी मान्य होत नाही.

बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठांनी लहान मुलं घेणं बंद केलं. बेनेडिक्टचा नियम अक्षरशः पाळायचा, पावाच्या वजनापासून झग्यापर्यंत, असा त्यांचा हट्ट होता. एकोणसाठावं प्रकरण मात्र त्यांनी बाजूला ठेवलं.